चाकू खिशात आहे, कापायचं काय?

(औरंगपुऱ्यातील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पुढच्या रांगा रिकाम्या दिसतायत. पुढे बसलं की प्रश्न विचारतात ही आमच्या विषयाची बदनामी आहे. आज कुणाला काही विचारणार नाही, या पुढे. विषय वाचून दोघातिघांनी मला फोन केला, "सर, चाकू? छपाईची चूक नाही ना?" चूक नाही. चाकूच.

महिनाभरापूर्वी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेलो होतो. तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, पुण्याच्या कंपनीचं काम इथूनच, घरी बसून करतो. आई चहा टाकायला आत गेली तशी त्यानं खिशातून एक वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. राखाडी, थंडगार, अंगाला किंचित खरबरीत. अंगठ्यानं नुसतं ढकललं, 'टक्' असा आवाज झाला आणि सव्वातीन इंचाचं पातं बाहेर. किंमत विचारली. त्यानं स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं, आवाज खाली आणला. "छत्तीस हजार, सर." असे अकरा आहेत त्याच्याकडे, सगळे एवढे महाग नाहीत. मी विचारलं, "यानं आजवर काय काय कापलंस?" मुलगा प्रामाणिक आहे. जरा विचार करून म्हणाला, "पार्सलं." "कसली?" "चाकूंची."

(हशा)

मीही हसलो होतो. पण घरी चालत येताना ते डोक्यातून जाईना. चाकू आणायचा, त्याच्या पार्सलची चिकटपट्टी आधीच्या चाकूनं कापायची, आणि नवा खिशात टाकायचा. हा एकटा नाही. त्याच्यासारखी पोरं आपल्या शहरात आहेत, पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत, त्यांच्यात देवाणघेवाण चालते, जुना विकून नवा घेतात. रोज खिशात काय काय बाळगायचं याचं त्यांचं एक शास्त्रच आहे: घड्याळ, टॉर्च, पेन, पाकीट आणि चाकू. त्याला ते ईडीसी म्हणतात, म्हणजे रोजच्या वागवण्याच्या वस्तू.

आता आधी भाषेकडे बघू, कारण आपल्या भाषेनं या बाबतीत बराच विचार करून ठेवलाय. स्वयंपाकघरात असते ती सुरी. खाटकाच्या दुकानात आणि गुन्ह्याच्या बातमीत असतो तो सुरा. लिंग बदललं की वस्तूचा स्वभाव बदलला! आणि या दोघांच्या मध्ये, घडी करून खिशात जातो तो चाकू; हा शब्द फारसी-तुर्की वाटेनं आपल्याकडे आला. याहून गमतीचा शब्द म्हणजे 'हत्यार'. सुतार म्हणतो, "माझी हत्यारं आणा", म्हणजे रंधा, पटाशी, करवत. पोलीस म्हणतो, "हत्यार जप्त केलं." शब्द एकच. सुताराचं हत्यार आणि फौजदाराचं हत्यार यांत फरक कुठे आहे? लोखंडात नाही. दोन्हीकडे पटाशीच असू शकते. हा फरक कशात आहे, आणि कामच नसलेलं हत्यार या दोहोंपैकी कुठे जातं, एवढाच माझा आजचा प्रश्न.

आमच्या वडिलांच्या कोटात चाकू असायचा. त्याची मूठ शिंगाची होती, ती तडकल्यावर त्यावर सुतळी गुंडाळलेली. पेन्सिलीला टोक कर, पेरू चीर, पोस्टाचं पाकीट फोड, नख काढ. काढायचा किती वेळा, तर दिवसातून दहा वेळा. बघायचा किती वेळा? एकदाही नाही. हाताला सवय होती, डोळ्याला त्याचं काही नव्हतं. आता हे सांगून "जुना काळ किती चांगला" असं मला म्हणायचं नाहीये. धारदार वस्तूवर जीव जडणं काही आजचं नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलंत ना? तिथे अडकित्ते बघा. मोराचे, घोड्यांचे, माणसांच्या जोड्यांचे, पितळी, लोखंडी. केळकर कवी होते, 'अज्ञातवासी' या नावानं लिहायचे, आणि त्यांनी आयुष्यभर दारोदार फिरून असल्या वस्तू जमवल्या. त्या अडकित्त्यांच्या कारागिराला मोराची मान घडवण्याची काय गरज होती? सुपारी तर साध्या अडकित्त्यानंही फुटते. म्हणजे हौस होती, मिरवणं होतं, बैठकीत चंची उघडल्यावर चार लोकांनी बघावं ही इच्छा होती. फक्त एक होतं: मिरवून झालं की सुपारी कातरली जायची.

या नव्या चाकूंची वंशावळ मात्र फार साधी आहे, हे या पोरांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल यानं १८९० मध्ये लाकडी मुठीचा शेतकऱ्याचा चाकू काढला. लाकडी दांड्यात चीर, चिरेत पातं, बस. पातं बोटावर मिटू नये म्हणून फिरवायची कडी १९५५ मध्ये बसवली. तो आजही तसाच आणि आजही स्वस्त मिळतो. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरनं १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवला. त्यात पातं होतं, डबा फोडायचं होतं, बंदुकीचे स्क्रू काढायचं होतं. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका केला, त्यात बूच काढायचा मळसूत्री आकडाही घातला. अधिकाऱ्यांना बुचं जास्त काढावी लागत असावीत. आपल्याकडे मामा परदेशातून आला की भाच्याला द्यायचा तो लाल चाकू, तो हाच. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या सुरुवातीलाच डेल्फीच्या चाकूचा उल्लेख करतो. अनेक कामांना एकच, असा तो चाकू. ॲरिस्टॉटल म्हणतो, निसर्ग असा कद्रूपणा करत नाही, एका कामाला एक वस्तू देतो. लाल चाकू त्याला आवडला नसता.

पुढे १९८१ मध्ये स्पायडरको या अमेरिकन कंपनीनं पात्याला एक गोल भोक पाडलं, म्हणजे अंगठ्यानं एका हातानं उघडता येईल, आणि मुठीला क्लिप लावली, म्हणजे खिशाच्या कडेला अडकेल. बदल बारीक होता, पण माझ्या मते सगळा मामला इथे फिरला. वडिलांचा चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांत पडलेला असायचा. क्लिपवाला चाकू खिशाच्या काठावर येऊन बसला. त्याची कडा बाहेरून दिसते. ज्याला कळतं त्याला ती दिसते. मग टायटॅनियम आलं, २००१ च्या सुमारास भुकटीपासून बनवलेलं एस-थर्टी-व्ही नावाचं पोलाद आलं. व्हॅनेडियम जास्त असल्यामुळे त्याची धार फार दिवस टिकते, आणि त्याच कारणानं ते घासायला जिकिरीचं असतं. नामांकित कारखान्यांचे चाकू चारशे डॉलरच्या वर गेले.

आणि दमास्कस! हे सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेला चाकू या मंडळींत फार मानाचा. त्या मुलानं मला मोठ्या अभिमानानं दाखवला: "सर, दमास्कस आहे." मी म्हटलं, बाळा, हे मूळ गाव कुठलं माहीत आहे का? निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम म्हणून गाव आहे. आपण आणि ते गाव १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतो. तिथे लोखंड मातीच्या मुशीत बंद करून भट्टीत वितळवायचे आणि अगदी सावकाश थंड होऊ द्यायचे. त्यातून पोलादाचे जे गोळे निघत ते इराणी व्यापारी घेऊन जात. सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशानं गोवळकोंड्याच्या पोलादाबद्दल लिहिलंय; १८२० च्या दशकात वॉयसी नावाच्या इंग्रजानं कोनसमुद्रमच्या भट्ट्या चालू असताना पाहिल्या. त्या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. त्याच्या थरांमुळे पातं घडवताना लहर आपोआप उमटायची. जगानं त्याला दमास्कसचं नाव दिलं. आज बाजारात जे दमास्कस म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा दोन जातींच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून, आम्लात बुडवून काढलेली नक्षी असते. वाईट नसतं, सुंदर असतं. पण गोवळकोंड्याच्या रस्त्यावरून उंटावर लादून गेलेली वस्तू, तिची नक्कल, विमानानं, सीमाशुल्क भरून आपल्याकडे परत येते आणि आपण तिला परदेशी म्हणून कुरवाळतो. असो. ही माझी जुनी खंत आहे, विषय तो नाही.

तर प्रश्न असा, की या मुलाला यात काय सापडतं? लोक पटकन म्हणतात, पैसा झालाय, दुसरं काय. मला ते पुरेसं वाटत नाही. पैसा झाला की माणसं गाडी घेतात, चाकू का घ्यावा? मी त्याला विचारत बसलो. तो म्हणाला, "सर, दिवसभर मी जे करतो ते मला दिसत नाही. संध्याकाळी मशीन बंद केलं की काहीच उरत नाही. हे हातात धरता येतं." दुसरं म्हणाला, "याचा प्रत्येक तुकडा कसा बसलाय ते मला कळतं. फोन मला कळत नाही." त्यानं तो चाकू माझ्यासमोर उघडून सुटा केला. स्क्रू, पट्ट्या, बारीक छर्रे. पुसून, तेलाचा थेंब टाकून परत जोडला. त्या वीस मिनिटांत त्यानं फोनकडे एकदाही बघितलं नाही. हे मी अनेक वर्षं वर्गात बोटं नाचवणारी पोरं पाहिलेला माणूस सांगतोय. तेव्हा या हौसेला मी वेड म्हणणार नाही. रिकाम्या हाताची ती भूक आहे.

पण भूक ओळखली म्हणजे तिला अन्न मिळालं असं होत नाही. आमचे नैयायिक 'करण' म्हणजे साधन कशाला म्हणायचं याची चर्चा करतात तेव्हा त्यांचं ठरलेलं उदाहरण कुऱ्हाडीचं. झाड तोडण्याचं करण म्हणजे कुऱ्हाड. पण केव्हा? तर तिचा 'व्यापार' होतो तेव्हा. व्यापार म्हणजे दुकानदारी नव्हे. पातं लाकडाला भिडतं, ते भिडणं. भिंतीला टांगलेल्या कुऱ्हाडीपाशी व्यापार नाही, म्हणून त्या घटकेला ती नुसती वस्तू आहे. प्लेटो 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात दुसऱ्या टोकाकडून तिथेच येतो. द्राक्षवेलीची फांदी कट्यारीनंही कापता येईल, पटाशीनंही. पण छाटणीसाठी घडवलेल्या कोयतीनं ती जशी कापली जाईल तशी दुसऱ्या कशानं नाही. ते तिचं खास काम, आणि वस्तूचं चांगलेपण त्या कामातून ठरतं. आता छत्तीस हजाराचा चाकू प्लेटोसमोर ठेवा. त्याचं खास काम कोणतं? पोलाद उत्तम आहे, बिजागरी उत्तम आहे. उत्तम कशासाठी?

इथून तीस किलोमीटरवर वेरूळ आहे, तिकडे अजिंठा आहे, शहराला लागून आपलीच लेणी आहेत. तिथे राहिलेल्या भिक्खूंना विनयाप्रमाणे आठ वस्तू बाळगायची मुभा: तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. हेही ईडीसीच की! आणि त्या आठांत एक पातं आहे बरं का. सगळं सोडलेल्या माणसानंही पातं सोडलेलं नाही, कारण डोकं भादरायचं आहे. काम आहे म्हणून वस्तू आहे. काम सरलं की ती बाजूला.

आता जरा अवघड भागाकडे येतो. जमवणं वेगळं आणि घेऊन फिरणं वेगळं. कपाटातल्या अकरा चाकूंबद्दल माझी काही तक्रार नाही, तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, तसंच ते. पण त्यातला एक रोज खिशात का? मी विचारलं. दोन-तीन उत्तरं झाल्यावर खालच्या आवाजात खरं उत्तर आलं. "सर, असलेला बरा. काळ कसा आहे."

मंडळी, काळ कसा आहे हे या भागात बसून मला सांगायला नको. ११ मे २०१८ च्या रात्री मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज इथे काय झालं ते तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलंय. दोन जीव गेले, दुकानं जळाली. मी तेव्हा जवळच राहत होतो, गच्चीवरून धूर दिसत होता. आणि त्याच महिन्याच्या शेवटी आपल्या पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पकडले. घरपोच आलेले. मागवणाऱ्यांत काही नुसते हौशी असतील, असतीलच. पण पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'हौस' असं लिहिलेलं नसतं. त्या आठवड्यात ज्याच्या दारात ते खोकं दिसलं, त्याच्याकडे शेजाऱ्यानं कसं पाहिलं असेल?

कायद्यापुढेही हाच पेच आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम शस्त्र कशाला म्हणतो? हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेल्या वस्तूला. आणि निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू तो वगळतो. म्हणजे कायदा घडवणाऱ्याचा हेतू बघतो, चक्क प्लेटोसारखा. मग २०१६ चे नियम मापं देतात: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असलेल्या तलवारी, सुरे वगैरे परवान्याच्या यादीत, घरगुती, शेती, शास्त्रीय, औद्योगिक कामाची हत्यारं बाहेर. खिशातला चाकू या मापात बसत नाही, म्हणून पोरं निर्धास्त असतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहे. सणासुदीच्या आधी पोलीस आयुक्तांचा आदेश पेपरात येतो, तो त्या कलमाखाली. त्यातल्या यादीत चाकू आहेत, काठ्यासुद्धा आहेत. त्या पंधरवड्यात तुमचा सव्वातीन इंचही तुम्हाला चौकीत बसवू शकतो. वस्तू तीच, तारीख बदलली.

बाळगण्याला अर्थ असतो तोही सांगतो. नांदेडला हुजूर साहिबला जा. शीख माणूस कृपाण बाळगतो, त्याला राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात स्वतंत्र मान्यता आहे. पण त्याच्यामागे दीक्षा आहे, नियम आहेत, ती कधी काढायची नाही याची शिकवण आहे. आपल्या मुलाच्या क्लिपमागे काय आहे? 'असलेला बरा', एवढंच. स्पष्ट बोलतो, रागावू नका: भीतीपोटी खिशात ठेवलेला चाकू रक्षण करत नाही. तो खिशात आहे म्हणून माणूस बाचाबाचीत दोन मिनिटं जास्त थांबतो, आणि ती दोन मिनिटंच घात करतात. आपल्याकडे म्हण आहेच, सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही.

याच जिल्ह्यांतून, शेजारच्या बीडमधून, दर दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. एकटा असला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते. हत्यार इतकं कामात बुडालं, की माणसाचंच नाव गेलं आणि हत्याराचं राहिलं. आणि तोच कोयता पुण्यात पोरांच्या हातात रस्त्यावर नाचायला लागला, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला तो विकत घ्यायला आधार कार्ड दाखवायची वेळ आली. एकीकडे कामाशिवाय दुसरं काही नाही, दुसरीकडे काम सोडून सगळं आहे. आमचा सॉफ्टवेअरवाला या दोन्हींत नाही, तो भला मुलगा आहे. पण त्याच्या खिशातली वस्तू अजून कुठलीच झालेली नाही, आणि मला काळजी तिची आहे.

तर मी काय केलं ते सांगतो. त्याला घेऊन बदनापूरकडे गेलो. तिथे ओळखीच्या एका माणसाची मोसंबीची रोपवाटिका आहे. डोळा भरण्याचं काम चालू होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा, साल हलकेच उचलायची, चांगल्या झाडाचा डोळा ढालीच्या आकारात काढून त्या सालीत सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचा. त्या माळ्याच्या हातात घडीचा चाकू होता. मूठ काळी पडलेली, पातं घासून घासून निम्मं झालेलं. बघता बघता एक खुंट, दुसरा, तिसरा. मी मुद्दाम म्हटलं, "जरा द्या तो, ही सुतळी कापतो." तो हसला, पण चाकू दिला नाही. कमरेचा विळा काढून दिला.

आमच्या मुलानं मग आपला छत्तीस हजाराचा काढला. टक्. माळ्यानं तो हातात घेतला, उलटासुलटा केला, अंगठ्यावर धार बघितली, वजन बघितलं. अगदी आदरानं. एका खुंटावर लावूनही पाहिला. मग म्हणाला, "पातं भारीये, साहेब. पण दोन्ही अंगानं घासलंय ना, सालीत सरळ जायचं नाही. आमचं एकाच अंगाचं लागतंय."

मुलगा दोन तास तिथे बसला. त्या माळ्याच्या चाकूनं त्यानं नऊ डोळे भरले. माळी आधी द्यायला तयार नव्हता, नंतर स्वतःच्या हातानं त्याचा अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं. तीन आठवड्यांनी विचारलं तर नवांतले दोन जगले होते. येताना त्यानं माळ्याला विचारून घेतलं, असा चाकू कुठे मिळतो. जालन्याच्या बाजारात, दोनशे ऐंशीला.

परवा त्याचा फोटो आला मला. घेतलाय त्यानं. बाकीच्या अकरांशेजारी, मखमलीवर ठेवलाय.

(हशा)

हां, आता विचारा काय विचारायचं ते.